ढिगाखाली कोण राहतं, तिथून सुरुवात
(खाण, क्रशर आणि वॉश प्लँट चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

कराड-पाटण भागात आम्ही पाहिलेल्या बहुतेक क्रशरवर आपत्ती आराखड्याची फाइल सापडते. तिच्यात सुरुंग असतो, आग असते, डंपर उलटला तर काय करायचं तेही असतं. खाणीवरून काढून टाकलेल्या माती-मुरमाचा ढीग आणि वॉश सँडच्या (धुऊन काढलेल्या वाळूच्या) गाळाचं तळं मात्र नसतं. टाकाऊ मालाचा कसला आलाय आराखडा, असं वाटत असावं.

आपल्याकडे मोठ्या धातूखाणींसारखी प्रचंड गाळधरणं नाहीत, हे खरं. पण भिजलेला बारीक गाळ सगळीकडे सारखाच वागतो. वर सुकून भेगाळलेला दिसतो, आत पाणी धरून असतो आणि बांध सुटला की मातीसारखा ढासळत नाही, पातळ होऊन धावतो. इटलीत स्ताव्हा इथे 19 जुलै 1985 रोजी खाणीची गाळतळी फुटली. लोंढ्याचा वेग ताशी 90 किलोमीटरपर्यंत गेला आणि 268 माणसं गेली. तुमचं तळं त्यापुढे चिमुकलं असेल. चौथाईच वेग धरा. तरी 300 मीटरवरच्या कामगारांच्या शेडपर्यंत गाळ 48 सेकंदांत पोचतो. रात्री दोन वाजता पत्र्याचं दार उघडून लेकरं घेऊन बाहेर पडायला एवढा वेळ पुरत नाही.

म्हणून इशाऱ्याचा भोंगा कुठला घ्यायचा, हा पहिला प्रश्न नव्हे. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योच्या खाणीचं गाळधरण 25 जानेवारी 2019 रोजी फुटलं. भोंगे बसवलेले होते, ते वाजलेच नाहीत. कंपनीचं ऑफिस आणि कँटीन धरणाच्या थेट खाली होतं आणि वेळ दुपारच्या जेवणाची. मृत 270. आमचा आग्रह एवढाच, की शेड, वजनकाटा, ऑफिस आणि डिझेलची टाकी लोंढ्याच्या वाटेतून आधी हलवा. खर्चिक आहे, मान्य. पण शेड हलवली नाही, तर बाकीचा आराखडा कागदावरच राहतो.

कोणी म्हणायचं, "खाली करा"?

वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर 21 ऑक्टोबर 1966 रोजी कोळसाखाणीचा ढीग आला. 144 जण गेले, त्यात 116 मुलं. तो ढीग झऱ्यांवर रचलेला होता. तो खचल्याचं कामगारांना सकाळी साडेसातच्या सुमारास दिसलं होतं. टेलिफोनची तार चोरीला गेलेली, म्हणून एक जण पायी खाली सांगायला गेला. सव्वानऊच्या सुमारास ढीग सुटला. तो सुटल्यावर फोन लागला असता तरी लोक वाचले नसते, असं चौकशीत निघालं. आम्हाला मात्र त्याआधीचे दीड-पावणेदोन तास खुपतात. ढीग खचलाय हे कळलं होतं, पण खालची शाळा रिकामी करा असं कुणी म्हटलं नाही.

तुमच्या साइटवर हे कोण म्हणणार? मालक पुण्यात, मॅनेजर काट्यावर आणि रात्री फक्त वॉचमन. आम्ही बनवतो त्या आराखड्यात पहिल्या पानावर एकच वाक्य असतं: ठरलेली खूण दिसली तर वॉचमननेसुद्धा कुणालाही न विचारता लोक हलवायचे, आणि इशारा फुकट गेला तरी त्याला कुणी बोलायचं नाही. ही ओळ मालकाने सही करून द्यायची. काही मालक इथेच अडतात.

खुणा अशा. बांधाच्या पायथ्याशी पाझर असतोच. तो नितळ आहे तोवर लक्ष ठेवा, गढूळ झाला की आतली माती वाहतेय. माथ्यावर बांधाला समांतर भेग पडणं, पायथा फुगणं, पाऊस नसताना तळ्याची पातळी अचानक उतरणं, यांतलं काहीही दिसलं तर आधी माणसं हलवा, पोकलेन मग बघू. कोयनेच्या पट्ट्यात हादरा जाणवला की त्याच दिवशी बांधावर फेरी मारा.

गावाला सांगायचं का?

सांगायचं. "उगाच बोभाटा होईल" हे आम्ही नेहमी ऐकतो. युरोपीय संघाच्या 2006 च्या खाण-कचरा निर्देशात धोक्याच्या साइटसाठी दोन आराखडे आहेत, आतला खाणचालकाचा आणि बाहेरचा प्रशासनाचा. आसपासच्या लोकांना त्यांनी न मागता, फुकट माहिती द्यायची असते. आपल्याकडे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असतं. तुमचा नकाशा तहसीलदारांमार्फत तिथे पोचवा. पोलीस पाटील आणि सरपंचांना ओढ्याकाठच्या घरांची यादी द्या. नियंत्रण कक्ष 1077, तातडीची मदत 112, रुग्णवाहिका 108 हे नंबर शेडच्या भिंतीवर रंगवा, हिंदीतही. तुमचे निम्मे कामगार मराठी वाचत नाहीत.

पण फोनवर विसंबू नका. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्यांचा खाणीशी संबंध नव्हता, पण तसल्या पावसात बाहेरची मदत लगेच येत नाही, हे तेव्हा दिसलं. पहिले काही तास गावकऱ्यांचेच.

पाहणीला आम्ही मे महिन्यात येतो; जूननंतर ढिगावर पाय ठरत नाही. गाळ कधीपासून आणि किती टाकलात त्याची वही, ढिगाआधी तिथे ओढा किंवा झरा होता का हे सांगणारा गावातला एखादा म्हातारा माणूस आणि रात्रपाळीचा वॉचमन, एवढं त्या दिवशी जागेवर हवं.