एक्स्चेंजवरचं खातं आणि स्वतःचं वॉलेट: दिसायला सारखी, जोखमीला उलटी

फोनवर दोन ॲप शेजारी उघडून ठेवली, एक एक्स्चेंजचं (म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी नाणी जिथे विकत घेता-विकता येतात त्या कंपनीचं) आणि एक स्वतःच्या वॉलेटचं, तर फरक कळत नाही. दोन्हीकडे वर शिलकीचा आकडा, खाली 'पाठवा' आणि 'मिळवा' ही बटणं, बाजूला बिटकॉइनचं तेच नारिंगी चिन्ह. त्यात एक्स्चेंजवालेही आपल्या खात्याला 'वॉलेट' म्हणतात. मग नव्या माणसाने दोन्हींना एकच समजलं तर त्याची चूक नाही. पण फोन हरवला, कंपनी अडचणीत आली किंवा घरात पाणी शिरलं, की ही दोन अगदी वेगळी वागतात.

ज्याने देवगड-रत्नागिरीचा हापूस वाशीला पाठवलाय त्याला हे चटकन कळेल. पेट्या गेल्या, माल विकला गेला, तरी पट्टी (विक्रीचा हिशेब) होऊन रक्कम हाती येईपर्यंत आपले पैसे म्हणजे दलालाच्या वहीतली एक ओळ. एक्स्चेंजवरचं खातं ही तशी ओळ आहे. नाणी कंपनीच्या ताब्यात, बहुतेकदा सगळ्या गिऱ्हाइकांची एकत्र, आणि आपल्या नावापुढे कंपनीच्या सर्व्हरवर आकडा. स्वतःच्या वॉलेटमध्ये मध्ये दलाल नाही. नाणी हलवायची गुप्त किल्ली आपल्याकडेच असते.

इथे आणखी एक गैरसमज काढून टाकायला हवा. स्वतःच्या वॉलेटमध्येही नाणी 'आत' नसतात. ती असतात ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या सामायिक वहीत. वॉलेट फक्त किल्ली सांभाळतं आणि व्यवहारावर त्या किल्लीने सही करतं. म्हणून मिरकरवाडा बंदरावर फोन पाण्यात पडला तरी दोन्ही बाबतींत नाणी जागेवरच राहतात. वेगळी असते ती परत जायची वाट. एक्स्चेंजच्या बाबतीत नवा फोन, तोच ईमेल, केवायसीची कागदपत्रं, आणि खातं पुन्हा उघडतं. वॉलेटच्या बाबतीत बारा शब्द, म्हणजे वॉलेट पहिल्यांदा सुरू करताना ते लिहून घ्यायला दाखवतं ते, ज्यांवरून किल्ली पुन्हा तयार होते. ते शब्द असतील तर कुठल्याही नव्या फोनवर पाच मिनिटांचं काम. नसतील तर दाद मागायला कार्यालयच नाही, कारण किल्लीची दुसरी प्रत कोणाकडेही नसते.

एक्स्चेंजवर काय बिघडतं

तिथे धोका मुख्यतः दुसऱ्याच्या घरातला असतो. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ज्या ग्राहकांचे पासवर्ड पक्के होते, ज्यांनी कधी चुकीच्या लिंकवर बोट ठेवलं नव्हतं, त्यांचेही पैसे वर्षभराहून अधिक काळ अडकले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे परदेशी एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं. २०१४ मध्ये जपानातलं माउंट गॉक्स बुडालं आणि ग्राहकांना नाणी परत मिळायला सुरुवात झाली ती जुलै २०२४ मध्ये, दहा वर्षांनी.

बँकेतल्या ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, म्हणून इथेही तसंच काही असेल असं अनेकजण धरून चालतात. तसं काही नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. खातं उघडण्यापूर्वी ही नोंदणी आहे का ते पाहावंच. पण तिचा अर्थ एवढाच की कंपनी सरकारला माहिती देते; तुमची नाणी भरून देण्याची हमी त्यात नाही.

खरेदीआधी आणखी एक गोष्ट बघा: त्या ॲपमधून नाणी बाहेरच्या वॉलेटवर पाठवता येतात का. काही ठिकाणी रुपये टाकता येतात, नाणं घेता येतं, विकता येतं, पण बाहेर काढण्याची सोय बंद असते किंवा तिला वेगळी परवानगी लागते. ही अट खरेदीनंतर कळली तर उपयोग नाही.

आपल्या बाजूने करायचं ते थोडं आहे, पण टाळू नये. ओटीपी एसएमएसवर ठेवू नका, ऑथेंटिकेटर ॲपवर (फोनमध्येच दर वेळी नवा कोड तयार करणाऱ्या ॲपवर) घ्या. कोणी खोट्या कागदांवर तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर एसएमएस त्याच्याकडे जातो. आणि बोटीवर नोकरीला असणाऱ्याला महिनोन्‌महिने रेंज नसते, तेव्हा त्याला स्वतःचाच ओटीपी मिळत नाही. ऑथेंटिकेटर रेंजशिवायही आकडे देतो. त्याचा बॅकअप कोड मात्र कागदावर लिहून घरी ठेवा, नाहीतर फोन गेला की खातं सोडवायला आठवडे जातात.

बारा शब्द आणि कोकणातली हवा

स्वतःच्या वॉलेटमध्ये धोका आपल्याच घरात येतो, आणि आमच्या मते नवी माणसं सर्वांत कमी विचार करतात तो इथेच.

वॉलेट पहिल्यांदा सुरू केलं की ते १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून आलेले असतात. त्या यादीच्या फ्रेंच, स्पॅनिश, जपानी अशा काही आवृत्त्या आहेत. मराठी किंवा हिंदीची नाही. म्हणून शब्द देवनागरीत उतरवू नका. उच्चारावरून स्पेलिंग पुन्हा नक्की करताना गडबड होते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, प्रत्येकापुढे क्रमांक घालून लिहा. क्रम बदलला तर किल्ली बदलते. शेवटच्या शब्दात तपासणीचा अंश असतो, त्यामुळे बहुतेक चुका वॉलेट पकडतं, पण १२ शब्दांच्या बाबतीत साधारण सोळातली एक चूक त्या चाळणीतून सुटते. मग चूक दाखवण्याऐवजी एक भलतंच, रिकामं वॉलेट उघडतं आणि माणसाला वाटतं पैसे चोरीला गेले. अशा वेळी घाबरून कोणाला मदत मागण्याआधी लिहिलेला क्रम आणि स्पेलिंग शांतपणे तपासा.

शब्दांचा फोटो काढायचा नाही. फोटो बहुधा आपोआप गूगलच्या ढगात (क्लाउडवर) जातो, आणि गॅलरीतल्या चित्रांतला मजकूर वाचून असे शब्द शोधणारी ॲप २०२५ च्या सुरुवातीला अधिकृत ॲप दुकानांतही सापडली होती. स्वतःला व्हॉट्सॲप करणंही तसंच. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनला देणं तर मुळीच नको: कागद दोन माणसांच्या हातून जातो, आणि बारा शब्द वाचलेल्या माणसाला तुमचा फोन, पिन, बोटाचा ठसा यांतलं काहीच लागत नाही.

मग राहतो कागद. आणि कागदाचे आपल्याकडे शत्रू किती, हे ज्याने जुने सातबारे पेटाऱ्यातून काढलेत त्याला सांगायला नको. पावसाळ्यातली ओल, बुरशी, कसर, वाळवी. जेल पेनची शाई दमट हवेत पसरते. साधं बॉलपेन बरं, आणि पेन्सिल पाण्याने पसरत नाही. कागद झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि पुडी दर पावसाळ्याआधी बदला. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात घरांवरची कौलं-पत्रे उडाली, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये तळमजले बुडाले. म्हणजे माळा आणि खालचं कपाट, दोन्ही जागा भरवशाच्या नाहीत.

रक्कम मनाला लागेल एवढी असेल तर शब्द धातूवर घ्या. त्याला महागडी तयार पट्टी लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी लेटर पंचचा संच आणि स्टेनलेस स्टीलचे मोठे वॉशर मिळतात. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, त्यामुळे शब्दाला चार ठोके पुरतात. बारा शब्दांना फार तर ४८. (काही शब्द मुळात तीनच अक्षरांचे असतात.) प्रत्येक वॉशरवर क्रमांक, मग एका बोल्टमध्ये ओवून नट आवळायचा. स्टील ३१६ ग्रेडचं मागा, बोटीच्या फिटिंगला वापरतात ते. ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात, आणि साधं लोखंड तर गंजून अक्षरं खातं. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे आगीत टिकेल याचा भरवसा नाही.

प्रती दोन हव्यात, दोन गावांत: एक कोकणातल्या घरी, एक मुंबईच्या खोलीवर. सहा शब्द इकडे आणि सहा तिकडे अशी वाटणी मात्र करू नका. एक तुकडा गेला की सगळं गेलं, आणि सापडलेल्या अर्ध्या भागावरून उरलेलं शोधणाऱ्याचं काम बरंच हलकं होतं. गावचं घर शिमग्याला आणि गणपतीला उघडतं, तेव्हा प्रत जागेवर आहे ना, वाचता येते ना, हे पाहून घ्यायला तो चांगला काळ. फक्त पाहुण्यांची ये-जा असते त्या खोलीत ती नको.

पैसे टाकण्याआधी तालीम करा. वॉलेट तयार करा, शब्द लिहा, मिळवायच्या पत्त्याची (नाणी ज्यावर मागवायची त्या लांबलचक अक्षर-आकड्यांच्या ओळीची) पहिली-शेवटची सहा अक्षरं टिपून घ्या. मग ॲप पूर्ण काढून टाका, पुन्हा घाला, आणि कागदावरून शब्द भरा. तोच पत्ता आला तर कागद बरोबर. ही दहा मिनिटं न दिल्यामुळे चुकीचं लिहिलेलं दोन-तीन वर्षांनी कळतं, तेव्हा जुना फोन भंगारात गेलेला असतो.

हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली फोनबाहेर सांभाळणारं छोटं उपकरण, घ्यायचं असेल तर थेट उत्पादकाकडून घ्या. डब्यात शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं तर ते उपकरण वापरू नका; ते शब्द विकणाऱ्याकडेही आहेत. चुकीच्या पिननंतर उपकरण स्वतःला पुसतं, लेजर कंपनीचं तीन चुकांनंतर आणि ट्रेझर कंपनीचं त्याहून बऱ्याच जास्त चुकांनंतर. त्याचं भय नको. दमट हवेत त्याचं यूएसबी तोंड खराब झालं तरी नको. शब्द आहेत तोवर नवं उपकरण चालतं.

एकाकडून दुसरीकडे नेताना

एक्स्चेंजवरून वॉलेटवर पाठवणं ही ती जागा जिथे पैसे खरोखर हरवतात. बिटकॉइनचा पत्ता १, ३ किंवा 'बीसी१' ने सुरू होतो, इथेरियमचा 'शून्य-एक्स' ने, ट्रॉनचा 'टी' ने. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) मात्र इथेरियमवरही चालतं आणि ट्रॉनवरही, त्यामुळे पाठवताना नेटवर्क, म्हणजे कोणत्या ब्लॉकचेनवरून जायचं ते, निवडावं लागतं. वॉलेट ज्या नेटवर्कचं तेच निवडा. पत्ता हाताने टाइप करू नका, आणि व्यवहारांच्या यादीतून जुना पत्ताही उचलू नका. ठग तुमच्या पत्त्यासारखीच टोकं असलेल्या पत्त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवून त्या यादीत घुसतात. चिकटवल्यावर सुरुवात, शेवट आणि मधली चार अक्षरं जुळवा. आधी थोडी रक्कम पाठवा, ती पोचली की बाकीची. बिटकॉइनच्या नोंदीचा एक ठोकळा सरासरी १० मिनिटांनी येतो. सहा ठोकळे झाले, म्हणजे साधारण तासाभराने, व्यवहार पक्का धरतात.

एक खड्डा बहुतेकांना पुढे जाऊन कळतो. ट्रॉनवरचं यूएसडीटी वॉलेटवर आलं, पण परत पाठवताना 'शुल्क अपुरं' असं दिसतं. कारण नेटवर्कचं शुल्क यूएसडीटीत नव्हे, ट्रॉनच्या स्वतःच्या टीआरएक्स नाण्यात जातं, इथेरियमवर ईथरमध्ये. ते थोडं नाणं वॉलेटमध्ये आधीच ठेवावं.

कर दोन्हीकडे सारखा. नफ्यावर ३० टक्के, वर ४ टक्के सेस, आणि ठरलेल्या मर्यादेपुढे विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, तोट्यात विकलं तरी. टीडीएस विवरणपत्रात करातून वजा होतो. एका नाण्यात २०,००० नफा आणि दुसऱ्यात २०,००० तोटा झाला तर वजाबाकी होत नाही; कर ६,२४० रुपये बसतोच. एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच. स्वतःच्या खात्यातून स्वतःच्या वॉलेटवर नेणं ही विक्री नाही, पण नेण्यापूर्वी एक्स्चेंजवरून खरेदीचं विवरण उतरवून ठेवा. वॉलेटला तुमचा खरेदीभाव माहीत नसतो.

दोन-चार हजारांचं नाणं असेल तर ते नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच राहू दे, असं आम्ही सांगू. बाहेर काढण्याचं शुल्क बहुधा ठोक असतं आणि लहान रकमेचा मोठा घास घेतं. जी रक्कम वर्षभर अडकली तर घरातलं काही अडेल, ती वॉलेटवर न्या. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या अनोळखी माणसाशी यूएसडीटीची थेट देवघेव कुठल्याही रकमेची करू नका. तुमच्या बँक खात्यात आलेले पैसे कुणाच्या फसवणुकीतले निघाले तर सायबर पोलीस खातं गोठवतात. स्वतःच फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मदतनीस म्हणवणारा कोणीही बारा शब्द मागत असेल तर तो चोरच. खऱ्या कंपनीला ते कधीच लागत नाहीत.

वारसांचं दोन्हीकडे वेगळं. एक्स्चेंजला मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद चालतात, वेळ लागतो पण रस्ता असतो. वॉलेटला दाखला कळत नाही. म्हणून घरच्या एका माणसासाठी बंद पाकिटात एवढं लिहून ठेवा: कोणतं वॉलेट, कोणत्या नेटवर्कवर, कोणत्या एक्स्चेंजवर खातं आणि कुठल्या ईमेलने, धातूचे वॉशर कुठे आहेत. शब्द त्या पाकिटात घालू नका, फक्त जागा लिहा.