बेचाळीसच्या पोटातला एक्केचाळीस

अमेरिकेत 1942 साल असलेल्या काही डाइमवर, म्हणजे दहा सेंटच्या चांदीच्या नाण्यावर, शेवटचा आकडा भिंगाखाली बघितला की 2 च्या डाव्या कडेला एक उभी रेघ दिसते. तो ओरखडा नाहीये, तो चक्क 1941 मधला 1 आहे! एकाच नाण्यावर दोन सालं. याला ओव्हरडेट म्हणतात, आणि नाणी जमवणाऱ्यांमधे या 1942/1 डाइमला फार मान आहे. साधा झिजलेला 1942 चा डाइम त्यातल्या चांदीच्या भावाच्या आसपास मिळून जातो, हा झिजलेला असला तरी शेकडो डॉलर मोजावे लागतात. पण किंमत बाजूला ठेवा, मला यात खरी मजा वाटते ती ही की त्या एका रेघेवरून टांकसाळीत काय घडलं आणि पोलाद कसं वागतं हे दोन्ही कळतं.

नाणं ज्या पोलादी ठशाने पाडतात त्याला डाय म्हणतात. नाण्यावर जे उठून दिसतं ते डायमधे खोलगट आणि उलटं असतं. आता अशा डाय भरपूर लागतात, प्रत्येक हाताने कोरत बसणं शक्य नाही, म्हणून हब नावाचा आणखी एक पोलादी तुकडा असतो, त्यावर चित्र नाण्यासारखंच उठावदार असतं, तो मऊ पोलादात जोरात दाबायचा की झाली डाय तयार. ऐकायला सोपं आहे पण पोलाद थंडच दाबलं की ते कडक होत जातं. धातूमधे अणूंच्या रांगांत काही ठिकाणी रचना चुकलेली असते, दाब दिला की या चुकलेल्या जागा सरकतात आणि म्हणूनच धातूचा आकार बदलतो, पण सरकता सरकता त्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि मग पुढे काही हलतच नाही. त्यामुळे पहिल्या दाबात चित्र अर्धवट उमटायचं. मग डाय भट्टीत तापवून हळूहळू थंड करायची, पोलाद परत मऊ झालं की पुन्हा त्याच हबखाली, असं चित्र पूर्ण उतरेपर्यंत.

गडबड झाली ती या "पुन्हा त्याच हबखाली" मधे. 1941 संपत आलं होतं, चालू वर्षाच्या आणि येणाऱ्या वर्षाच्या डाय शेजारी शेजारी बनत होत्या, एक डाय पहिल्यांदा 1941 च्या हबखाली गेली आणि भट्टीतून आल्यावर 1942 च्या. हे झालं फिलाडेल्फियाच्या मुख्य टांकसाळीत, डेन्व्हर टांकसाळीच्या डायसुद्धा तिथेच बनायच्या, त्यामुळे डेन्व्हरच्या डाइमवरही हाच प्रकार सापडतो, फक्त त्यातला 1 इतका ठळक नाही.

मग जुना 1 पुसला का गेला नाही? कारण डायमधे तो आकडा म्हणजे खड्डा असतो, आणि पोलादातला खड्डा वरून दुसरा आकडा दाबला म्हणून भरून येत नाही. पृष्ठभाग घासता येतो, पण घासलं की आधी जातात ते उथळ भाग, खोल आकडे शेवटपर्यंत टिकतात. 1937 च्या डेन्व्हरच्या बफेलो निकेलवर, म्हणजे पाच सेंटच्या नाण्यावर, बायसनचा पुढचा एक पाय गायब आहे तो यामुळेच, डाय जरा जास्तच घासली गेली आणि उथळ पाय निघून गेला.

हबवर साल यायच्या आधीच्या काळात तर आकडे डायवर हाताने ठोकायचे. चांगलं पोलाद महाग, डाय बनवणं कष्टाचं, त्यामुळे गेल्या वर्षीची डाय शिल्लक असेल तर त्यावरच नवा आकडा ठोकून कामाला लावायची. 1823 सालचे जेवढे डाइम आहेत ते सगळेच्या सगळे 1823/2 आहेत, म्हणजे ती चूक नव्हती, काटकसर होती.

याचाच भाऊ म्हणजे डबल डाय. यात साल तेच असतं पण दुसऱ्या दाबाच्या वेळी हब आणि डाय किंचित फिरलेले असतात. 1955 चा लिंकन सेंट सगळ्यात गाजलेला, त्यावर साल आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांना दोन दोन दिसतात आणि मागची बाजू मात्र एकदम स्वच्छ, कारण मागची डाय वेगळी. लक्षात येईपर्यंत अंदाजे वीस हजारांच्या वर नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली होती, ती तशीच बाहेर गेली आणि बरीचशी सिगारेटच्या मशीनमधून सुट्ट्या पैशांबरोबर लोकांना मिळाली.

इथे नवीन माणूस फसतो ते एका गोष्टीत. नाणं पाडताना डाय थोडी हलली तरी आकडे दुहेरी दिसतात, पण ते दुहेरीपण चपट्या पायरीसारखं असतं, आधी उठलेला आकडा कडेने दाबला गेलेला, आणि त्याला फारशी किंमत नाही. खऱ्या डबल डायमधे दोन्ही प्रतिमा उठावदार असतात, अक्षरांच्या टोकाला खाच दिसते, आणि त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर तेच तसंच दिसतं. 1942/1 मधे फिलाडेल्फियाच्या नाण्यावर 4 सुद्धा दुहेरी आहे, कारण हब जरा सरकून बसला होता. बनावट करणारे 1 चिकटवतात आणि 4 विसरतात, म्हणून कोणी असा डाइम दाखवला तर आधी 4 बघा.

1990 च्या दशकात अमेरिकेने एकाच दाबात डाय बनवायला सुरुवात केली, तरी प्रकार थांबला नाही, डायचा तुकडा तिरका बसला तर मधल्या भागात दुहेरी ठसा येतोच. 2009 च्या ज्या सेंटवर लिंकन ओंडक्यावर बसून वाचतोय, त्यात काही नाण्यांवर त्याच्या हाताला जादाची बोटं आहेत!

आपल्याकडे अभ्यासाला भरपूर वाव आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर 1862 हे साल 1874 पर्यंत तसंच गोठवून ठेवलेलं होतं, त्या सगळ्या वर्षांत पाडलेल्या रुपयांवर 1862 च, आणि मुंबई टांकसाळीच्या रुपयांवर मात्र बारीक ठिपके आहेत, त्यांची संख्या बदलत जाते. त्यामुळे 1862 चा रुपया हातात आला की साल वाचून उपयोग नाही, भिंग घेऊन ठिपके मोजायचे, चेहऱ्याची आणि मागच्या वेलबुट्टीची डाय कोणती ते बघायचं, आणि मग कुठे तो नक्की कोणत्या सुमाराचा ते ठरवायला लागायचं.