शेपूट तुटत आलं, तरी विमान परतलं

१ फेब्रुवारी १९४३. ट्युनिशियातल्या बंदरावर बॉम्ब टाकून अमेरिकेची बी-१७ विमानं अल्जेरियातल्या बिस्क्रा तळाकडे निघाली होती. तेवढ्यात अंगावर चालून आलेलं एक जर्मन लढाऊ विमान ‘ऑल अमेरिकन’ नावाच्या बी-१७ला धडकलं. शेपटीचा डावा आडवा पंख उखडून गेला आणि धडाला तिरका, भलामोठा छेद गेला. आत दहा माणसं होती. त्या वेळी दुसऱ्या विमानातून काढलेला फोटो पाहिला, की आजही पोटात गोळा येतो. शेपूट नुसतं टेकवून ठेवल्यासारखं दिसतं.

हे शेपूट शोभेचं नसतं. विमानाचं नाक खाली झुकू पाहतं, तेव्हा शेपटीचा आडवा पंख मागची बाजू खाली दाबून तोल सांभाळतो. आता हा दाब एकट्या उजव्या पंखावर आला होता. म्हणजे शेपूट वाकतही होतं आणि पिळलंही जात होतं.

पिळणं किती घातक, ते हातानंच अनुभवावं. स्वयंपाकघरातला फॉइल संपला की उरते ती पुठ्ठ्याची नळी पिळून बघा. सहसा दाद देत नाही. मग कात्रीनं ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चिरा आणि पुन्हा पिळा. सहज वळते! ‘ऑल अमेरिकन’ची चीर आडवी-तिरकी होती, पण जातकुळी तीच: अखंड वेढा तुटला की नळीचा पीळ सोसायचा जोर ओसरतो.

मग शेपूट टिकलं कसं? बी-१७च्या धडाचं बळ एखाद्या मधल्या दांड्यात नव्हतं. आतल्या कड्या, लांब पट्ट्या आणि वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, सगळे मिळून भार वाहायचे. काही तुटले, तर उरलेल्यांवर भार सरकायचा. अर्थात त्यालाही मर्यादा असतेच, आणि इथेच वैमानिक केंड्रिक ब्रॅगचा हात महत्त्वाचा ठरला. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग निम्मा केला तर जोर पाव होतो. वळणाचंही तसंच: उंची राखून ६० अंश कलून वळलं, तर पंखांना विमानाचा भार दुप्पट पेलावा लागतो, ३० अंशांत तो जेमतेम १५ टक्के वाढतो. अशा विमानात हळुवारपणा हीच ताकद.

हे विमान थेट इंग्लंडला पोहोचलं, असं सांगणारा मजकूर फिरत असतो. तो खोटा आहे. ते बिस्क्रालाच उतरलं. शेपटीचं चाक निकामी झालेलं, त्यामुळे मागचा भाग धावपट्टीवर घासत गेला. विमान थांबलं तेव्हा दहाच्या दहा जण धडधाकट होते.