कूलरच्या टबातला बुळबुळीत थर

मे महिन्यात ताट्या बदलायला कूलरचं एक दार काढलं आणि टबच्या आतल्या भिंतीवरून सहज बोट फिरवलं. पाणी वरून अगदी नितळ दिसत होतं, बोट मात्र सर्रकन घसरलं. वास घेतला तर ओल्या मातीसारखा, थोडा कुबट. नागपुराकडच्या माणसाला हा थर नवा नाही. नळाला आठवड्यातून दोनदा शिव्या घालणारे आपण या थराकडे बघतही नाही.

मोठ्या हॉस्पिटलच्या किंवा मॉलच्या गच्चीवर मोठे पंखे घोंघावत असतात, तिथे असतो कूलिंग टॉवर. काम कूलरचंच, फक्त हिशेब उलटा. कूलरमध्ये आपल्याला गार हवा हवी असते, पाणी हे साधन. टॉवरमध्ये गार पाणी हवं असतं, हवा सोडून द्यायची. एसीच्या यंत्रातून तापून आलेलं पाणी वरून फवारायचं, पंख्याने हवा ओढायची, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होऊन पुन्हा यंत्राकडे. तेच पाणी दिवसभर फिरत राहतं. धूळ, पानं, परागकण हवेतून येऊन त्यात पडतात, आणि तापमान बहुतेक वेळ 30 ते 35 अंशांच्या आसपास. जिवाणूंना याहून बरी खाणावळ मिळणार नाही.

जुलै 1976 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात ‘बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड’ हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं. घरी परतल्यावर माणसं न्यूमोनियाने पटापट आजारी पडू लागली. एकूण 221 आजारी, 34 मृत्यू. कारण सापडेना. डिसेंबरच्या अखेरीस जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने जुन्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या, आणि जानेवारी 1977 मध्ये नव्या जिवाणूची घोषणा झाली: लेजिओनेला. तो पाण्यात वाढतो आणि बारीक तुषारांवर बसून फुफ्फुसात उतरतो. हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर संशय गेला. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमुळे 138 जणांना हाच आजार झाला, 16 दगावले. (घरच्या कूलरमध्ये हवा ओल्या ताटीतून ओढली जाते, तुषार फारसे उडत नाहीत. तरी टब घासलेला बरा.)

मग क्लोरीन टाकावा, विषय संपला? टाकतातच. पण क्लोरीन धातू खातो, टॉवरच्या थोड्या अल्कधर्मी पाण्यात त्याची धार बोथट होते, आणि सांडलेलं पाणी शेवटी कुठल्यातरी नाल्यात जातं. शिवाय खरा शत्रू पाण्यात कमी आणि भिंतीवर जास्त असतो. जिवाणू पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती चिकट थर विणतात, तोच तो बुळबुळीतपणा. त्या थरावर अमीबा चरतात. अमीबाने लेजिओनेला गिळला की तो पचत नाही, उलट आतच वाढतो. अमीबाने कवच धरलं तर लिटरला 50 मिलिग्रॅम क्लोरीनमध्येही आतला जिवाणू तगून राहिल्याचं प्रयोगशाळेत दिसलं आहे. आपल्या नळाच्या पाण्यात निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावा अशी अपेक्षा असते. म्हणजे अडीचशे पट!

म्हणून रसायनाशिवायचे उपाय आले. सगळ्यांत ओळखीचा अतिनील दिवा, घरच्या फिल्टरमध्ये असतो तोच. 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश जिवाणूच्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन नावाचे दुवे एकमेकांना जोडून टाकतो. मग त्या डीएनएची नक्कल होत नाही आणि वंश तिथेच खुंटतो. प्यायच्या पाण्याला हा दिवा उत्तम, कारण तिथे पाणी एकदाच जातं आणि पेल्यात पडतं. फिरत्या पाण्याचं तसं नाही. दिव्याखालून गेलेलं पाणी परत त्याच टाकीत मिसळतं. टाकी नीट ढवळली जात असेल, तर टाकीभर पाणी दिव्याखालून गेलं तरी त्यातलं 37 टक्के पाणी दिव्याने अजून पाहिलेलंच नसतं. तीन टाक्या पाणी गेलं की तो आकडा 5 टक्क्यांवर येतो. ठीक आहे. पण भिंतीवरचा थर? तो दिव्यापर्यंत चालत जात नाही. आणि दिव्याच्या काचेच्या नळीवर क्षार बसले की तोही आंधळा.

मला स्वतःला जास्त मोह पडतो तो बुडबुड्यांचा. पाणी अरुंद गळ्यातून जोरात नेलं की वेग वाढतो, दाब पडतो आणि पाणी गार असतानाच उकळल्यासारखे बुडबुडे धरतात. पुढे दाब वाढताच ते आतल्या आत कोसळतात. कोसळताना त्या टिचभर जागेत, क्षणाच्याही लहान तुकड्यात, हजारो अंशांची उष्णता आणि धक्क्याच्या लाटा तयार होतात. जहाजांचे पंखे याच माऱ्याने खडबडीत होतात. लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये त्याचं गणित मांडलं. जो धक्का पोलाद कुरतडतो तो जिवाणूची भिंत फोडणारच. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या ‘कॅव्हिटेशन’वर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्याला नैसर्गिक तेलांची जोड देऊन ‘स्वस्तिक’ नावाचं तंत्र पुढे आणलं.

पण प्रयोगशाळेतलं भांडं वेगळं आणि गच्चीवरचा टॉवर वेगळा. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन सारखे छोटे टॉवर उभारून रसायनमुक्त म्हणवणाऱ्या पाच प्रकारच्या यंत्रांची परीक्षा घेतली: चुंबकीय, विद्युतस्पंदांचं, स्थिर विजेचं, अल्ट्रासाउंडचं आणि कॅव्हिटेशनचं. 2010 मध्ये निकाल आला. एकाही यंत्राने जिवाणूंना म्हणण्यासारखा आळा घातला नाही. क्लोरीनने घातला. त्या यंत्रांवरचा हा निकाल म्हणजे कॅव्हिटेशनच्या तत्त्वाला फाशी नव्हे. पाणी किती वेळा, किती जोराने गळ्यातून जातं यावर बरंच अवलंबून असतं. पाइपला चुंबक बांधून देणाऱ्या विक्रेत्याला मात्र मी चहा पाजून परत पाठवीन.

तांब्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. तांबं-चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्यात सोडणारी यंत्रं हॉस्पिटलांत वापरतात, काम करतात. फक्त त्यांना रसायनमुक्त म्हणणं ही जाहिरात झाली. पाण्यात तांबं विरघळवायचं आणि रसायन नाही म्हणायचं!

हाताने घासणं सोडलं, तर रसायन न घालता थेट थरापर्यंत पोहोचणारी गोष्ट एकच, उष्णता. लेजिओनेला 50 अंशांच्या वर वाढत नाही, 60 ला काही मिनिटांत बहुतेक मरतो. म्हणून हॉस्पिटलांत गरम पाणी 60 अंशांवर साठवायचं आणि नळाशी येईपर्यंत 55 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, असा ब्रिटनमध्ये दंडक आहे. भाजू नये म्हणून अगदी नळाजवळ गार पाणी मिसळणारी झडप बसवतात. वीज वाचवायला मध्यवर्ती टाकी 40-45 अंशांवर ठेवली, तर जिवाणूंची अंघोळीची सोय आधी होते. कूलिंग टॉवरला मात्र हा उपाय नाही. गार करायच्या पाण्याला उकळणार कसं? तिथे गाळणी, दिवा, घासणं आणि गरजेपुरता क्लोरीन, असा संसार मांडावा लागतो.

आमच्या टबातलं पाणी मी मोरीत ओतलं, काथ्याने भिंती खसाखसा घासल्या आणि टब गच्चीवर उपडा न घालता उताणा टाकला, आतली बाजू उन्हाकडे. मेमधलं आमच्याकडचं ऊन. संध्याकाळी बोट फिरवलं, कुरकुरलं.