पांढरीच्या पोटातली घरं

आपल्याकडे गावाची जमीन दोन प्रकारची मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. एकाच जागी माणसं शेकडो वर्षं राहिली, चुली पेटत राहिल्या, भिंती पडल्या, त्यांच्याच मातीवर नव्या उभ्या राहिल्या, की तिथली माती राखेनं आणि चुनखडीनं भुरी होते. नदीकाठी असं भुरं टेकाड दिसलं, त्यात खापरांचे तुकडे सापडले, की पुरातत्त्वज्ञ थांबतात.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घोड नदीच्या काठी अशीच पांढरी आहे. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि डेक्कन कॉलेजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९८३ या काळात ती खणली. एखाददुसरा खड्डा घेऊन ते थांबले नाहीत, आडवं उत्खनन करत घरामागून घर उघडत गेले. शंभरावर घरं सापडली. इ.स.पू. १६०० ते ७०० म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षं हे गाव नांदतं होतं. महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या एका टेकाडातून आलं आहे.

त्या काळाची म्हणून संग्रहालयात मांडलेली भांडी पाहताना नजर आधी तोटीच्या भांड्यांवर जाते. चाकावर घडवलेली, भट्टीत खरपूस भाजलेली, लाल अंगावर काळ्या रेघांची नक्षी. टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी ती पहिल्यांदा नीट ओळखली गेली, म्हणून त्या संस्कृतीलाच जोर्वे हे नाव मिळालं. ती देखणी आहेत यात वाद नाही. पण मी थांबतो तो करड्या, जाड, हातानं घडवलेल्या मडक्यांपाशी. ती दोन-दोनच्या जोडीनं सापडतात, आडवी, तोंडाला तोंड लावून. आत तान्ह्या मुलाची हाडं असतात. मूल दगावलं की घराच्याच जमिनीत खड्डा घ्यायचा, दोन मडक्यांत त्याला ठेवायचं, जवळ एखादं छोटं तोटीचं भांडं आणि वाडगा ठेवायचा आणि वरून जमीन पुन्हा सारवून घ्यायची. त्याच जमिनीवर घर पुढे चालू राही.

मोठ्या माणसांना खड्ड्यात उताणं निजवत, डोकं उत्तरेला. आणि बहुतेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून असं करत असावेत, असा तर्क आहे. याला एक लक्षणीय अपवाद सापडला. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं मोठं घर होतं, त्याला लागून धान्याचं कोठार. या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण निघाला आणि त्यात चाळिशीचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला. त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असं उत्खनन करणाऱ्यांनी मानलं आणि मला ते पटतं. धान्य ज्याच्या दारात साठतं, त्याचा शब्द गावात चालतो.

कोठारात काय असे हे कळायला मात्र सोनंनाणं लागत नाही, जळका दाणा लागतो. साधा दाणा कुजून जातो. आगीत सापडून कोळसा झालेला तसाच टिकतो. खणलेली माती पाण्यात कालवली की माती तळाशी बसते आणि हलके दाणे वर तरंगतात, ते गाळून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. इनामगावात जव मुख्य, शिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. नदीचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता, दगडमातीचा बांधही घातला होता. पेवंही होती, आतून चुन्यानं लिंपलेली.

याच संस्कृतीचा सर्वांत नाजूक पुरावा निघाला तो प्रवरेकाठच्या नेवाशात. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथेच त्याच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधी एका मुलाला गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ घालून पुरलं होतं. कापड, दोरा आपल्या मातीत टिकतच नाही, जिवाणू त्याचा फडशा पाडतात. पण तांबं गंजताना जे क्षार सुटतात ते जिवाणूंना मारतात. मण्याच्या भोकातला दोरा त्या क्षारांत मुरला आणि वाचला. तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही निघाले. पुणे जिल्ह्यातल्या चांडोली गावी सापडलेल्या अशाच माळेतला दोरा अळशीच्या वाकाचा होता.

इ.स.पू. १०००च्या सुमाराला इनामगावचं रूप पालटतं. चौकोनी, ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. भांड्यांवरची नक्षी विरळ होते, खाण्यात शिकारीचा वाटा वाढतो. ढवळीकरांनी याचं कारण घटलेल्या पावसात शोधलं. नंतरच्या काही अभ्यासकांना एवढं एकच कारण पुरेसं वाटत नाही.

वाईट दिवस आले होते हे मात्र मुलांच्या हाडांनीच दाखवलं. हिरडीच्या आत दात घडत जातात त्यावरून मुलाचं वय काढता येतं, कारण उपासमारीतही दात बऱ्यापैकी वेळेवर घडतात. मांडीचं हाड मात्र लगेच मागे पडतं. दातांचं वय आणि हाडाची लांबी यांचा मेळ घातला की मूल किती खुरटलं ते कळतं. शेवटच्या काळातली इनामगावची मुलं आधीच्या मुलांपेक्षा खुरटलेली होती.

इ.स.पू. ७००च्या आसपास गाव ओस पडलं. तोवरच्या त्या गोल झोपड्यांतही मूल गेलं की दोन मडकी घेत, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, आणि घराजवळच पुरत.