एव्हबरीचा दिवस : शिळावर्तुळ आणि त्यातला पब
(इंग्लंड सहलीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

विल्टशरमधल्या एव्हबरीला आपली गाडी गावाच्या दक्षिणेकडच्या नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या वाहनतळावर थांबते. तिथून पायवाटेने पाच-दहा मिनिटांत वर्तुळ लागते. स्वतंत्र येणाऱ्यांनी लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने स्विंडन गाठावे (साधारण तासभर) आणि पुढे ४९ क्रमांकाची बस धरावी. परतीची शेवटची बस कितीची, हे उतरल्या उतरल्या थांब्यावर पाहून ठेवा. रविवारी बस कमी असतात.

आधी दगड, मग पब. स्टोनहेंजला दोरीबाहेरून बघावे लागते. इथे तिकीट नाही आणि दगडाला हातही लावता येतो. बाहेरचा मातीचा बांध चारशे मीटरहून अधिक व्यासाचा आहे, त्याच्या आत खोल खंदक आणि खंदकाच्या काठाने सार्सन या कठीण वालुकाश्माचे अवजड दगड. वय साडेचार हजार वर्षांच्या पुढे. गावकऱ्यांनी सतराव्या-अठराव्या शतकांत यातले बरेच दगड फोडले : खड्ड्यात जाळ करून दगड तापवायचा, वर थंड पाणी ओतायचे आणि तडा गेला की घण घालायचा. हे तुकडे गावातल्या घरांच्या भिंतींत गेले. १९३०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलर यांनी पडलेले, पुरलेले दगड पुन्हा उभे केले. जिथे दगड सापडलाच नाही, तिथे काँक्रीटचे ठोकळे दिसतील. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे पाहिलेल्यांनी मनात तुलना जरूर करावी, पण ती लोहयुगातली दफनस्थळे आहेत आणि एव्हबरी त्याहून बरेच जुने.

सगळे वर्तुळ फिरायला तासभर धरा. गवतात मेंढ्या चरतात, त्यामुळे लेंड्या आणि चिखल दोन्ही. सपाट तळाचे बूट घसरतात, चपला तर नकोच. वाहने आपल्यासारखीच डावीकडून जातात, पण ए४३६१ हा रस्ता वर्तुळातून जातो आणि पबच्या कोपऱ्यावर वळतो. तिथे पलीकडून येणारी गाडी उशिरा दिसते.

हा पब म्हणजे रेड लायन, गवती छपराचा. आत एक जुनी विहीर आहे, तिच्यावर काच टाकून टेबल केले आहे. पब म्हणजे आपल्याकडचे हॉटेल नव्हे. टेबलावर बसून वाट बघत राहिलात तर कोणी विचारायला येईलच असे नाही. टेबल धरा, त्यावरचा नंबर लक्षात ठेवा आणि सगळ्यांची यादी घेऊन एकानेच काउंटरवर जा. तिथे रांग दिसत नाही, पण पाळी असते. आपल्या आधी कोण उभे होते ते पाहून ठेवायचे. टाळी, चुटकी, हाक यातले काहीही चालत नाही. पैसे तिथेच द्यायचे, पेले आपणच उचलून आणायचे, जेवण टेबलावर येते. नळाचे पाणी मागितले तर फुकट मिळते. अनेक पबांचे स्वयंपाकघर दुपारी मध्येच बंद होते, म्हणून जेवणाची वेळ पोचल्यावर लगेच विचारून घ्या. रविवारच्या रोस्टसाठी (भाजलेले मांस, बटाटे, भाज्या) टेबल आधी राखून ठेवलेले बरे.

हातपंपाने ओढलेली एल (एक प्रकारची बिअर) घेतलीत तर ती ११ ते १३ अंश सेल्सिअस तापमानाची आणि कमी फेसाळ असते. ती बिघडलेली नसते, तिची रीतच तशी. आवडेल की नाही अशी शंका असेल तर आधी घोटभर चव मागा, सहसा देतात. पाइंट म्हणजे ५६८ मिलि; पहिल्यांदा हाफ घ्या. सर्वांत मोठी फसगत सायडरची : इंग्लंडमध्ये सायडर म्हणजे सफरचंदाची दारू, ज्यूस नव्हे. मुलांसाठी ॲपल ज्यूस असेच स्पष्ट सांगा. जिंजर बिअर बहुधा बिनदारूची असते, तरी विचारा.

शाकाहारींनी जरा जास्त चौकशी करावी. रोस्टबरोबरची ग्रेव्ही सहसा मांसाच्या रसाची असते. यॉर्कशर पुडिंग (मैदा, अंडी, दुधाचा फुगीर खारा पदार्थ) आणि चिप्स (म्हणजे वेफर नव्हे, जाड फ्रेंच फ्राइज) काही ठिकाणी गोमांसाच्या चरबीत करतात, आणि चिप्सच्या तेलातच मासेही तळले जातात. फारसे कोणाला ठाऊक नसते, पण काही एल निवळण्यासाठी माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेले आयझिंग्लास वापरतात. ‘व्हेज आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘ग्रेव्ही कशाची, तळण कशात?’ असे विचारा. ॲलर्जीचे १४ घटक पदार्थात आहेत का, हे सांगणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. सुरक्षित निवड म्हणजे जॅकेट बटाटा, म्हणजे सालासकट भाजलेला, वर बीन्स. प्लाउमन्स लंचमध्ये पाव, चीज, लोणचे असते, पण हॅम आहे का तेवढे पाहा. चीजसाठी दूध घट्ट करायला वापरतात ते रेनेट (बहुधा वासराच्या जठरातले) चालत नसेल तर तेही विचारा.

स्वतः गाडी चालवणाऱ्याने एकही पाइंट घेऊ नये. इंग्लंडची मर्यादा १०० मिलि रक्तात ८० मिग्रॅ अल्कोहोल, म्हणजे आपल्याकडच्या ३० पेक्षा सैल. पण भाड्याच्या गाडीने, अरुंद अनोळखी रस्त्यांवर त्या आकड्याचा हिशोब करत बसू नका.

आपली गाडी वाहनतळावरूनच निघते, पबच्या दारातून नाही. पायवाटेचा वेळ धरून टेबलावरून उठा आणि बुटांचा चिखल गवतावर घासून मगच गाडीत चढा.