कार्यशाळा बातमीसाठी की संदेशासाठी?

'पत्रकारांसाठी दोनदिवसीय कार्यशाळा' असा फ्लेक्स दिसला की कोणीतरी हमखास म्हणतं, चला, स्वतंत्र पत्रकारितेला हातभार लागतोय. बाबांनो, फ्लेक्सवरची खालची ओळ वाचा. तिथे 'माता-बाल पोषण' किंवा 'स्वच्छता' लिहिलेलं असेल, तर ती बहुधा जनजागृती आहे. वाईट नाही, पण वेगळी.

जनजागृती काय असते हे तुम्हाला सांगायला नको. पल्स पोलिओचे रविवार आपण सगळ्यांनीच पाहिलेत. ताजा नमुना हवा असेल तर 'किलकारी'. बीबीसी मीडिया ॲक्शनने २०१३ मध्ये बिहारात सुरू केलेली ही सेवा २०१६ पासून केंद्र सरकारने इतर राज्यांत नेली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला आईच्या फोनवर एक ध्वनिमुद्रित कॉल येतो आणि 'डॉक्टर अनिता' तिला त्या आठवड्याचं काय ते सांगते. काम चोख आहे. त्यात बातमी नाही, आणि असायची गरजही नाही.

दुसऱ्या बाजूला स्वतंत्र पत्रकारिता, म्हणजे 'खबर लहरिया'. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्यात, कर्वीत, 'निरंतर' या संस्थेच्या मदतीने सुरू झालेलं बुंदेली बोलीतलं वृत्तपत्र. जेमतेम शिकलेल्या, बऱ्याचशा दलित बायकांनी बातमी कशी गोळा करायची, लिहायची, छापायची हे शिकून घेतलं आणि गावोगाव फिरून अंक विकलाही.

प्रशिक्षण दोन्हीकडे असतं. ग्रुप फोटो तर असतोच. ते सोडा.

घोळ होतो तो एकाच ठिकाणी: बातमी काय, हे कोण ठरवतं? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या घ्या. 'गरोदरपणात लोहाच्या गोळ्या नियमित घ्या' हा संदेश झाला. तो खरा आहे, उपयोगाचा आहे आणि आरोग्य खात्याला आवडणारा आहे. 'तीन आठवडे झाले, गोळ्या आल्याच नाहीत' ही बातमी. त्यासाठी वार्ताहराला औषधांच्या कपाटासमोर उभं राहून साठा नोंदवहीतली शेवटची तारीख बघावी लागते, गाडी तालुक्याला अडली की जिल्ह्याला हे शोधावं लागतं आणि मग त्याच खात्याचा रोष पत्करावा लागतो. जनजागृतीत खातं भागीदार असतं. बातमीत ते उत्तरदायी असतं. एकाच विषयावरची, एकाच माणसाने लिहिलेली ही दोन कामं एकमेकांच्या थेट आड येऊ शकतात.

अशा एका कार्यशाळेत मी बसलो होतो. फोल्डर, पेन आणि 'प्रसिद्धीसाठी मजकूर' आयताच मिळाला. एका वार्ताहराने विचारलं, आमच्याकडचं सोनोग्राफी मशीन झाकून ठेवलंय, त्याचं काय? प्रशिक्षक म्हणाले, तो आजचा विषय नाही. जेवणानंतर आग्रहाची सूचना आली: छापून आलं की कात्रणं पाठवा, अहवालाला जोडायची आहेत. पुढच्या आठवड्यात पाच पेपरांत एकच मजकूर, स्वल्पविरामासकट. याला पत्रकारितेला मदत म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरं टोक म्हणजे अशा कामामागचा पैसा बघून 'परदेशी पैसा आला की स्वातंत्र्य संपलं' म्हणणारे. काँगोतलं रेडिओ ओकापी २००२ मध्ये सुरू झालं ते संयुक्त राष्ट्रांची मोहीम आणि स्वित्झर्लंडची फोंदास्यों इरोंदेल ही माध्यमांसाठी काम करणारी संस्था यांनी मिळून. पैसा बाहेरचाच. तरी ती खरीखुरी न्यूजरूम होती. बुकावूतले तिचे दोन पत्रकार, सर्ज माहेशे आणि दिदास नामुजिम्बो, २००७ आणि २००८ मध्ये मारले गेले. म्हणून पैसा कुठला, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, संपादकाला 'नाही' म्हणता येतं का?

आपल्याकडे हा गोंधळ जास्त दाट आहे, कारण कायदाच तसा. २०१० च्या परकीय देणगी कायद्याने नोंदणीकृत वृत्तपत्राचा मालक, संपादक, वार्ताहर यांना आणि इलेक्ट्रॉनिक बातम्या देणाऱ्या कंपन्यांना परदेशी देणगी घ्यायला मनाई आहे. मग तो पैसा स्वयंसेवी संस्थेकडे जातो, संस्था कार्यशाळा घेते आणि कार्यशाळेला विषय असतो. सामुदायिक रेडिओचं, म्हणजे स्थानिक लोकांसाठी संस्थांनी चालवलेल्या छोट्या केंद्रांचंही तेच; तिथेही नियम आड येतो. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीला कोणी 'स्वतंत्र वृत्तमाध्यम' म्हटलं की मी अडवतो. रेडिओ झकास आहे, पण आकाशवाणीच्या बातम्यांपलीकडे स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच सामुदायिक केंद्रांना नाही.

हल्ली निमंत्रणाचा फोन आला की मी एकच विचारतो: गोळ्या संपल्याची बातमी चालेल का? मागच्या वेळी पलीकडून उत्तर आलं, "सर, ते शेवटच्या सत्रात घेऊ या." कार्यक्रमपत्रिका पाहिली. शेवटचं सत्र प्रमाणपत्र वाटपाचं होतं.